कागदी समुद्राची मापे नीट छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत समुद्री आकारांवरच्या कागदकामाला पूर्ण पान मिळाले, याबद्दल मनापासून आभार. नॉटिलस (वळीदार कवचात राहणारा समुद्री प्राणी), प्रवाळ, जेलीफिश आणि काटेरी समुद्री अर्चिन असे चार नमुने एकत्र दिल्यामुळे पुष्कळ घरांत त्या दिवशी कात्र्या बाहेर आल्या असतील. म्हणूनच हे पत्र लिहीत आहोत. आकृत्या देखण्या होत्या, पण कागदाची जाडी, ग्रेनची म्हणजे तंतूंची दिशा आणि प्रत्यक्ष मापे यांपैकी काहीच सोबत नव्हते. नॉटिलसची आकृती तर मुळातच चुकीच्या गणितावर बेतलेली होती. अशा आकृतीवरून केलेला नमुना बिघडला की करणारा स्वतःच्या हाताला दोष देतो. तसे होऊ नये, म्हणून दुरुस्त मापे इथे देत आहोत. पत्र लांबले आहे, पण मापे अर्धवट देण्यात अर्थ नाही.

नॉटिलसपासूनच सुरुवात करू. ‘नॉटिलसचे कवच सुवर्ण गुणोत्तरात वाढते’ हे वाक्य सगळीकडे छापले जाते आणि ते खरे नाही. त्याची वळी लॉगरिदमिक असते, म्हणजे दर फेरीला त्रिज्या ठरावीक पटीने वाढते, इथपर्यंत बरोबर आहे. पण ही पट साधारण तीन असते. सुवर्ण वळी दर पाव फेरीला १.६१८ पटीने वाढते, म्हणजे पूर्ण फेरीत ६.८५ पट. या हिशोबाने दोन फेऱ्या काढल्या तर बाहेरची त्रिज्या आतल्या त्रिज्येच्या सत्तेचाळीस पट होते. आतली फेरी ठिपक्याएवढी उरते, तिच्यात कप्पे पाडणारा एकही पडदा बसत नाही आणि कवच पसरट, तोंड फाकलेले दिसते. आपल्या पानावरच्या आकृतीत नेमके हेच झाले आहे.

योग्य वळी काढायला संगणक लागत नाही. कागदावर एक मध्यबिंदू घ्या आणि कोनमापकाने दर ३० अंशांवर एक अशा बारा रेषा काढा. पहिल्या रेषेवर मध्यापासून १ सेंटिमीटरवर खूण करा. पुढच्या रेषांवर क्रमाने १.१०, १.२०, १.३२, १.४४, १.५८, १.७३, १.९०, २.०८, २.२८, २.५० आणि २.७४ सेंटिमीटरवर खुणा करा. पुन्हा पहिल्या रेषेवर आलात की ३ सेंटिमीटर. दुसऱ्या फेरीसाठी हेच आकडे तीनने गुणायचे, म्हणजे ३.३०, ३.६० असे करत ९ सेंटिमीटरपर्यंत. खुणा हाताने जोडताना रेष प्रत्येक खुणेवर तुटक वळता कामा नये. नजर नेहमी पुढच्या खुणेवर ठेवली की हात आपोआप वळतो.

या वळीवर कागदाची पट्टी काठावर उभी चिकटवायची आहे. पट्टी ८ मिलिमीटर रुंद आणि १६० जीएसएम (दर चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाच्या) कागदाची घ्या. १ ते ९ सेंटिमीटर त्रिज्येच्या या दोन फेऱ्यांना साडेसेहेचाळीस सेंटिमीटर पट्टी लागते. ए-३ कागदाची लांब बाजू ४२ सेंटिमीटर, त्यामुळे एक जोड येणारच. हा जोड, पडदा जिथे टेकणार आहे तिथेच घ्या, म्हणजे लपतो. मध्यभागी सुमारे पाऊण सेंटिमीटर त्रिज्येची घट्ट गुंडाळी बसवा. पहिल्या फेरीचे पडदे तिला टेकतात, दुसऱ्या फेरीचे आतल्या भिंतीला.

पूर्ण वाढलेल्या नॉटिलसमध्ये साधारण तीस कप्पे असतात आणि प्राणी स्वतः राहतो तो शेवटचा मोठा कप्पा जवळजवळ एक तृतीयांश फेरी व्यापतो. आपल्या नमुन्यात दर २० अंशांवर एक कप्पा धरला तर तीस कप्प्यांना ६०० अंश लागतात आणि तोंडाशी १२० अंश मोकळे उरतात. दोन फेऱ्या बरोबर भरतात. पडद्यांची खोलगट बाजू तोंडाकडे असते. ही बाजू उलटी लावणे हा या नमुन्यातला सर्वांत जास्त दिसणारा दोष आहे. प्रत्येक पडदा, जिथे बसायचा त्या अंतरापेक्षा दहाव्या हिश्श्याने लांब कापा आणि दोन्ही टोकांना दोन-दोन मिलिमीटर चिकटवायला जास्त ठेवा. ४ सेंटिमीटरचे अंतर असेल तर ४.४ आणि वर चिकटपट्टी. इतकी लांबी ठेवली की पडद्याची खोली त्याच्या रुंदीच्या पाचव्या हिश्श्याइतकी येते आणि तो कवचातल्या पडद्यासारखा दिसतो. सरळ अंतराएवढाच कापला तर पडदा ताठ उभा राहतो आणि सगळा नमुना चाकाच्या आऱ्यांसारखा होतो.

आता ग्रेन. यंत्रावर कागद तयार होताना त्याचे बहुतेक तंतू एकाच दिशेला आडवे होतात. त्या दिशेला ग्रेन म्हणतात. ग्रेनला समांतर फाडले तर कागद बऱ्यापैकी सरळ फाटतो, आडवे फाडले तर वेडावाकडा. ग्रेन ओळखायची खात्रीची रीत अशी: एकाच कागदातून दीड सेंटिमीटर रुंद आणि पंधरा सेंटिमीटर लांब अशा दोन पट्ट्या कापा, एक उभी आणि एक आडवी. दोन्ही एकावर एक ठेवून टोकाशी चिमटीत धरा आणि आडव्या करा. जी जास्त लवते तिच्यात ग्रेन रुंदीला समांतर आहे, जी ताठ राहते तिच्यात लांबीला समांतर. नमुन्याचा एकही तुकडा कापायच्या आधी हे करावे.

कारण कागदाची नळी ग्रेनला समांतर सहज वळते आणि ग्रेनच्या आडवी वळताना मोडते. वर सांगितलेल्या नॉटिलसच्या पट्टीत ग्रेन पट्टीच्या रुंदीला समांतर हवा. लांबीला समांतर घेतला तर छोट्या त्रिज्येवर पट्टी वळत नाही, तिला बारीक बारीक कोन पडतात. जेलीफिशच्या लोंबत्या तंतूंचे उलटे आहे. सरळ लोंबायला हवे असतील तर ग्रेन लांबीला समांतर, कुरळे हवे असतील तर आडवा. घडी नेहमी ग्रेनला समांतर स्वच्छ पडते. आडवी घडी १६० जीएसएमच्या वर फाटलेली दिसू लागते आणि रंगीत कागदात पांढरी चीर उमटते.

दुसरी गोष्ट याहून मूलभूत आहे. कागद एका वेळी एकाच दिशेने वाकतो. त्याची नळी होते, शंकू होतो. चेंडू होत नाही, कारण चेंडूसाठी कागद कुठे ताणला आणि कुठे आकसला पाहिजे आणि कोरडा कागद दोन्हीला तयार नसतो. समुद्रातले बहुतेक आकार मात्र दोन दिशांनी वाकलेले. अर्चिनचे कवच सगळीकडून फुगलेले, पानासारख्या प्रवाळाची कड झालरीसारखी वर-खाली जाणारी. ‘कागद हाताने गोलाकार करून घ्या’ असे आपल्या पानावर लिहिले होते. तसे केले तर कागद चुरगळतो, एवढेच होते. कागदकाम करणाऱ्याला तीन वाटा आहेत: जास्तीचा कागद कापून काढणे, कमी पडेल तिथे जोडणे, किंवा वक्र घडी घालून कागदालाच वळायला लावणे. कोणता जीव कोणत्या वाटेने करायचा हे ठरले की अर्धे काम झाले.

अर्चिन पहिल्या वाटेचा. त्याचे काटे गळून गेल्यावर उरलेले कवच पाहिले तर त्यावर पाच अरुंद आणि पाच रुंद पट्टे तोंडापासून माथ्यापर्यंत गेलेले दिसतात. प्रत्येक पट्ट्यात पट्टिकांच्या दोन रांगा, म्हणून एकूण वीस. तारामाशाची पाच हातांची रचना आणि ही रचना एकाच कुळातली. तेव्हा अर्चिन सहा किंवा आठ फाकांचा करू नये. दहा फाका घ्याव्यात, पाच रुंद आणि पाच अरुंद, एकाआड एक.

१० सेंटिमीटर व्यासाच्या कवचाचा मधला घेर ३१.४ सेंटिमीटर आणि तोंडापासून माथ्यापर्यंतची लांबी १५.७ सेंटिमीटर. रुंद फाक मध्यावर ४ सेंटिमीटर, अरुंद फाक २.२८. पाच-पाच मिळून घेर बरोबर भरतो. मध्यरेषेपासून वर आणि खाली २.६२ सेंटिमीटरवर रुंद फाकेची रुंदी ३.४६ आणि अरुंद फाकेची १.९७ ठेवा. ५.२३ सेंटिमीटरवर २.०० आणि १.१४. टोकाला दोन्ही शून्याकडे जातात, पण टोकापर्यंत जाऊ नका. वर-खाली सुमारे अर्धा-अर्धा सेंटिमीटर छाटा, तिथे भोक राहू द्या. तिथे दहा टोके एकत्र आली की गोंदाचा गोळा होतो, आणि खऱ्या कवचालाही दोन्हीकडे भोक असतेच. खुणा जोडणाऱ्या कडा बाहेर फुगलेल्या हव्यात. त्या सरळ रेषांनी जोडल्या तर कवच ठोकळ्यासारखे कोनेदार होते.

फाक लांबीच्या दिशेने वाकणार आहे, म्हणून ग्रेन रुंदीला समांतर. कागद १२० ते १६० जीएसएम. चिकटवण्यासाठीची जादा कड फक्त अरुंद फाकांना ठेवा, ४ मिलिमीटरची, आणि तिला दर ५ मिलिमीटरला कात्रीने चीर द्या. चिरा नसतील तर कड वाकत नाही आणि सांधा उसवतो. आधी दोन-दोन फाकांच्या पाच जोड्या करा, त्या जोडत जा आणि शेवटचा सांधा लावण्याआधी आत हात घालून सगळे सांधे दाबून घ्या. शेवटचा सांधा सर्वांत त्रासाचा असतो. तो मध्यापासून टोकांकडे लावायचा, टोकाकडून लावला तर चूक साचत साचत दुसऱ्या टोकाला कड मिलिमीटर-दोन मिलिमीटरने पुढे-मागे होते.

कवचावरचे उंचवटे फाका सपाट असतानाच उठवायचे. खाली जाड मऊ कापड किंवा जुना माऊसपॅड, वर फाक उलटी, आणि रिकाम्या बॉलपेनाने मागून दाबायचे. रुंद फाकेवर दोन रांगा, मध्याजवळ मोठे उंचवटे आणि टोकांकडे लहान होत जाणारे. अरुंद फाकेवर उंचवट्यांऐवजी दोन्ही कडांजवळ सुईने बारीक छिद्रांच्या जोड्या पाडा. खऱ्या कवचातल्या या छिद्रांमधून अर्चिनचे नळीसारखे पाय बाहेर येतात. आत छोटा एलईडी दिवा ठेवला की याच छिद्रांतून प्रकाश झिरपतो, आणि अर्चिनची पंचकोनी रचना एका दृष्टिक्षेपात कळते. तापणारा बल्ब आत ठेवू नये.

झालरीच्या प्रवाळाला दुसरी वाट, कागद जोडण्याची. याच्यात गणित फार सुंदर आहे, म्हणून थोडे सविस्तर. कड जितकी जागा आहे त्यापेक्षा लांब झाली की तिला वर-खाली लाटा घालाव्याच लागतात. पानासारखे प्रवाळ, समुद्री गोगलगायींची किनार, केल्प या समुद्री शैवालाच्या पात्यांची कड या सगळ्यांत कडेची वाढ मध्यापेक्षा जास्त असते. गणितात अशा पृष्ठभागाला हायपरबोलिक म्हणतात. विल्यम थर्स्टन या गणितज्ञाची त्याचा कागदी नमुना करण्याची रीत होती: सारख्या मापाच्या कागदी कड्या एकमेकींना कडेकडेने जोडत जायच्या. तो कागदी नमुना नाजूक, म्हणून डायना टायमिना यांनी १९९७ मध्ये तेच क्रोशाने विणले. २००५ मध्ये मार्गारेट आणि क्रिस्टीन वर्थाइम या बहिणींनी त्या विणीतून प्रवाळांचे अख्खे प्रदर्शनच उभारायला घेतले. रीत कागदाची होती. कागदकाम करणाऱ्यांनी ती आता परत घ्यावी असे आम्हाला फार वाटते.

९० ते १२० जीएसएमच्या कागदातून आतली त्रिज्या ४ आणि बाहेरची ६ सेंटिमीटर अशा कड्या कापा. ए-४ मध्ये दोन बसतात. कडीची आतली कड २५.१ सेंटिमीटर, बाहेरची ३७.७. म्हणजे दर थराला लांबी दीडपट. पहिल्या थराला एक कडी, दुसऱ्याला दीड, तिसऱ्याला सव्वादोन, चौथ्याला तीन आणि वर तीन-अष्टमांश. एकूण आठ कड्या आणि एक तुकडा, तेव्हा नऊ कापून ठेवा. पहिली कडी अखंड राहते. दुसऱ्या थरासाठी एक कडी त्रिज्येवर कापून तिला अर्धी जोडायची आणि तिची आतली कड पहिल्या कडीच्या बाहेरच्या कडेला लावत जायची. चार थरांनंतर २५ सेंटिमीटरची आतली कड बाहेर १२७ सेंटिमीटर होते. ती आपोआप लाटा घालते, हाताने वळवावी लागत नाही.

इथे चूक होते ती सांध्यात. सवयीने आपण एक कड दुसऱ्यावर अर्धा सेंटिमीटर चढवतो. तसे केले की दीडपट हे प्रमाण मोडते, लाटा मंदावतात आणि नमुना पसरट बशीसारखा होतो. कडा एकमेकींना फक्त भिडवायच्या आणि मागून पातळ टिश्यूची ५ मिलिमीटर रुंद पट्टी लावायची, तीही दोन-तीन सेंटिमीटरच्या तुकड्यांनी. लांब पट्टी वळणावर चुरगळते. लाटा फारच दाट वाटत असतील तर कडीची त्रिज्या वाढवा. ८ आणि १० सेंटिमीटरच्या कडीत लांबी दर थराला सव्वापटच होते आणि झालर सैल पडते.

घाईत असणाऱ्यांसाठी सोपा प्रकारही आहे. कागदाच्या वर्तुळातून दोन सेंटिमीटर रुंदीची वळीसारखी पट्टी कापत मध्यापर्यंत जा. आता तिची आतली कड सरळ धरली की बाहेरची कड झालर होते. जेलीफिशच्या पोटाखालचे रुंद, चुण्यांचे हात असे करावेत. साध्या पट्टीला हाताने चुण्या घालून केलेले हात ओलसर हवेत दोन दिवसांत सरळ होतात. या हातांना चुणी कापण्यातच मिळालेली असते, त्यामुळे ती जात नाही.

वक्र घडीची तिसरी वाट बहुतेकांना माहीत नसते, याचे आश्चर्य वाटते, कारण ती शंभर वर्षांच्या आसपास जुनी आहे. जर्मनीतल्या बाऊहाउस कलाशाळेत जोसेफ आल्बर्स यांच्या प्राथमिक वर्गात १९२७-२८ मध्ये विद्यार्थ्यांनी एककेंद्री वर्तुळांवर आलटून पालटून घड्या घातल्या आणि सपाट चकतीने आपणहून घोड्याच्या खोगिरासारखा बाक घेतला. समुद्री आकारांसाठी याहून चांगला सराव नाही.

१० सेंटिमीटर त्रिज्येची चकती, मध्यात २ सेंटिमीटर त्रिज्येचे भोक. कागद १०० ते १४० जीएसएम. भोक कापण्याआधीच कंपासमध्ये शिसाऐवजी रिकामी रिफिल बसवा आणि ३, ५, ७, ९ सेंटिमीटरची वर्तुळे समोरून दाबून काढा, ४, ६, ८ ची मागून. मध्यबिंदूचे छिद्र आरपार असले की दोन्ही बाजूंची केंद्रे जुळतात. खाली वर्तमानपत्राचे चार-पाच पदर ठेवा, म्हणजे रेष नीट दबते. मग भोक कापा. घड्या घालताना एक वर्तुळ पूर्ण मोडून पुढे जाऊ नका. सर्वांत बाहेरच्या वर्तुळावर चिमटीने थोडे मोडत सगळीकडून फिरा, मग आतले वर्तुळ, मग त्याच्या आतले, आणि पुन्हा बाहेरून सुरुवात. तीन-चार वेळा असे फिरल्यावर घड्या एकदम खोल होतात आणि चकती वळते. घड्यांमुळे प्रत्येक कडी केंद्राकडे सरकते, पण तिचा घेर तेवढाच राहतो. उरलेल्या घेराला जागा शोधायला कागद वर-खाली वाकतो. एकच वर्तुळ आधी पूर्ण मोडले तर शेजारची कडी आडवी चुरगळते आणि तो चुरगळा शेवटपर्यंत जात नाही. मध्यातले भोक ठेवले नाही तरी तेच. २०० जीएसएमच्या वरचा कागद या कामाला घेऊ नये, घडीवर तंतू तुटतात.

स्कॅलपच्या शिंपल्याला वेगळी घडी. त्याच्या रेघा बिजागरीपासून निघून कडेकडे रुंद होतात, पण बहुतेक जण पंख्यासारख्या समांतर घड्या घालून एक टोक बांधतात. त्याचा पंखाच दिसतो. १५० अंशांचा तुकडा घ्या, दर ५ अंशांवर बिजागरीतून जाणारी रेष काढा आणि आलटून पालटून डोंगरघडी-दरीघडी घाला. पंधरा उंच रेघा मिळतात. शिंपल्याचा फुगवटा हवा असेल तर ओल्या घडीचा उपयोग होतो. ही रीत अकिरा योशिझावा यांनी ओरिगामीत रुळवली: जाड, कोटिंग नसलेला कागद ओल्या स्पंजाने इतकाच दमट करायचा की तो मऊ पडेल पण चमकणार नाही. चमकला की पाणी जास्त झाले. दमट कागद थोडा ताणला जातो, अंगठ्याने आतून दाबून फुगवटा देता येतो आणि वाळल्यावर तो तसाच राहतो. कोटेड कागदावर हे होत नाही, त्याचा थर सुटतो.

मळसूत्री शंखांबद्दल एकच सूचना. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरले तर बहुतांश शंखांचे तोंड उजवीकडे असते. आकृती कागदाच्या मागच्या बाजूला उतरवून कापली की शंख उलटा होतो आणि जाणकाराच्या तो लगेच डोळ्यात येतो. आकृतीवर ‘ही बाजू बाहेर’ एवढे तीन शब्द छापले तरी हा घोटाळा टळेल.

पंख्यासारखे प्रवाळ कापण्याचे काम आहे. कागद १६० ते २०० जीएसएम, पात्याचे टोक अणकुचीदार, आणि जाळीचा कोणताही धागा दोन मिलिमीटरपेक्षा बारीक नको. सर्वांत लहान भोके आधी, मोठी नंतर, बाहेरची कड शेवटी. उलटे केले तर कागदाचा आधार जातो आणि बारीक धागे पात्यासोबत ओढले जातात. कापताना पाते न वळवता कागद वळवावा. कड पिसासारखी दिसू लागली की पाते बोथट झाले, बदला. समुद्रातले असे अनेक प्रवाळ एकाच प्रतलात, प्रवाहाला आडवे वाढतात, म्हणजे वाहत्या पाण्यातले अन्न जाळीत सापडते. तेव्हा मांडणीत सगळे पंखे एकाच दिशेला तोंड करून लावावेत. चहूकडे तोंडे केलेली मांडणी झुडपासारखी दिसते.

जेलीफिशबद्दल थोडक्यात. मून जेलीफिशची रचना चारच्या पटीत असते: छत्रीतून दिसणारी नालेच्या आकाराची चार वळी, खाली चार हात. पाच हातांचा नमुना तारामाशाच्या सवयीने होतो. छत्रीसाठी पांढरा लांब तंतूंचा पातळ कागद घ्या. रंगीत टिश्यूचा रंग ओल्या गोंदाने पसरतो आणि उजेडात लवकर उडतो.

गोंदाचे एकच सूत्र: कमीत कमी. पांढऱ्या पीव्हीए गोंदात पाणी असते. पाण्याने कागदाचे तंतू फुगतात, तेही ग्रेनच्या आडव्या दिशेने जास्त, आणि वाळल्यावर पृष्ठभाग लहरी राहतो. दातकोरणीच्या टोकाने पातळ रेघ द्यावी आणि वीस-तीस सेकंद धरून ठेवावे. मोठ्या पृष्ठभागाला गव्हाच्या स्टार्चची खळ बरी, ती सावकाश वाळते आणि तुकडा सरकवून नीट बसवता येतो. हॉट ग्लूचे आम्ही कधीच समर्थन करणार नाही. त्याचा उंचवटा कागदातून दिसतो, दोरे सुटतात आणि पुढे दुरुस्तीसाठी सांधा उघडायचा झाला तर कागदाचा थर घेऊनच निघतो.

चकाकीची पूड मात्र कृपा करून पुढच्या कोणत्याही पानावर सुचवू नका. ती बहुधा प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचे तुकडे असते, हात आणि टेबल धुतले की सांडपाण्यात जाते आणि तिथून पुढे समुद्राकडे. ज्या प्राण्यांचे आकार आपण कौतुकाने घडवतो त्यांच्या पाण्यात ती आपणच सोडावी, हे आम्हाला मुळीच पटत नाही. शिंपल्याच्या आतल्या बाजूची झळाळी हवी असेल तर खळीत कालवलेली अभ्रकाची पूड लावा, किंवा गुळगुळीत कागदावर चमच्याच्या पाठीने घासा. थरांमध्ये अंतर ठेवायला फोमचे तुकडे न वापरता पुठ्ठ्याच्या दोन-तीन पट्ट्या एकावर एक चिकटवून वापरा. फोम काही वर्षांत ठिसूळ होऊन पुढचा थर खाली येतो.

टिकाऊपणाबद्दल पानावर काहीच नव्हते. वर्तमानपत्राच्या आणि स्वस्त कागदात लिग्निन हे लाकडातले द्रव्य राहते, त्याने कागद उजेडात पिवळा आणि ठिसूळ होतो. पांढऱ्या प्रवाळाला आम्लरहित, सुती लगद्याचा कागद घ्यावा. संग्रहालये कागदी कलाकृतींवर साधारण ५० लक्सच्या वर प्रकाश पडू देत नाहीत. घरात ते मोजता येत नसले तरी थेट ऊन पडणारी भिंत टाळता येते. हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्के असेल तर कागद स्थिर राहतो. वर-खाली होत राहिली तर ताणलेले सांधे उसवतात. काचेच्या चौकटीत कागद काचेला टेकता कामा नये, टेकला तर ओल धरून डाग पडतो. धूळ मऊ कोरड्या ब्रशने, वरून खाली.

शेवटी, नमुना कशावरून करायचा? पानावर ‘खरा शंख किंवा प्रवाळ विकत आणून समोर ठेवा’ असा सल्ला होता. तो मागे घ्यावा अशी आमची विनंती आहे. नॉटिलसचे सगळे कूळ २०१७ पासून आणि दगडी प्रवाळ त्याच्याही खूप आधीपासून, संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरील साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आहे. अभ्यासाला संग्रहालयांची छायाचित्रे भरपूर आहेत. एकोणिसाव्या शतकात ड्रेस्डेनच्या लिओपोल्ड आणि रुडॉल्फ ब्लाश्का या पितापुत्रांनी संग्रहालयांसाठी काचेचे समुद्री जीव घडवले, ते याच कारणाने: स्पिरिटमध्ये ठेवलेल्या जेलीफिशचा ना रंग राहत होता ना आकार. त्यांच्या काचकामाची छायाचित्रेही कागदकामाला फार उपयोगी पडतात, कारण प्रत्येक झालर आणि हाताची जागा त्यात स्पष्ट दिसते.

पुढच्या वेळी आकृती छापताना प्रत्येक तुकड्यावर ग्रेनचा बाण, कागदाचे जीएसएम, ‘ही बाजू बाहेर’ ही सूचना आणि पानाच्या कोपऱ्यात बरोबर ५ सेंटिमीटरची एक रेष छापावी. छपाईत आणि वाचकाच्या प्रिंटरमध्ये आकृती लहान-मोठी होते. पट्टी लावून ती रेष मोजली की किती टक्क्यांनी फरक पडला ते लगेच कळते. आणि नॉटिलसची वर दिलेली तेरा मापे शक्य असेल तर येत्या अंकातच, दुरुस्ती म्हणून छापावीत. ज्यांनी ती आकृती कापून ठेवली आहे त्यांचे काम अजून सुरू झाले नसेल.

आपले,
कागदशिल्प शिकवणारे काही वाचक